बारा बंदुका आणि एक मिशी

माझ्या मिशीबद्दल आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मध्येच विचारायला नको. ती मॅट्रिकच्या वर्षी आली आणि एकोणीसशे सत्तावन सालच्या चौदा ऑगस्टपर्यंत माझ्या नाकाखाली होती. मधल्या वीस-बावीस वर्षांत मी अमरावतीला सरकारी बांधकामाच्या एका कचेरीत ट्रेसर म्हणून चिकटलो, लग्न केलं, दोन मुली झाल्या, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, पण मिशी जागची हलली नाही. कचेरीत माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्याचे चार साहेब होते. चौघांच्या मिशा एकत्र केल्या तरी माझ्या डाव्या बाजूएवढ्या भरल्या नसत्या. ही बढाई नाही, मोजमाप हा माझा धंदाच होता.

ट्रेसरचं काम थोडक्यात असं, की इंजिनिअरनं काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईनं जसाच्या तसा उतरवायचा. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि त्याचं काही गाळायचं नाही. एका साहेबानं पुलाच्या नकाशावर चहाचा कप टेकवला होता, तर कपाचं वर्तुळसुद्धा मी इमानानं उतरवलं होतं. त्याबद्दल मला बोलणी बसली, पण सवय गेली नाही. कुठलीही वस्तू जशी आहे तशीच दिसली पाहिजे, हे माझं खूळ होतं आणि पुढचं सगळं त्या खुळातून निघालं.

जुलै महिन्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयाची सभा भरली. अठराशे सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली होती, म्हणून पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीत बारा शिपायांची तुकडी काढायची असं ठरलं. बंदुकांचा विषय निघाला तेव्हा एकानं सुचवलं, बांबूला काळा रंग द्यावा. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मी उभा राहिलो. माझी उभं राहण्याची काही गरज नव्हती, मला चहाही मिळालेला होता.

"इतिहासाशी खेळू नका," मी म्हणालो. "सत्तावनची बंदूक चांगली साडेचार फूट लांब होती. तिला घोडा होता, दारू ठासायचा गज होता, पितळी पट्ट्या होत्या. दाखवायची तर तशीच दाखवा."

"मंग तुमीच करा," असं तीन-चार दिशांनी एकदम ऐकू आलं. सभेत जो सूचना करतो त्याच्याच गळ्यात ती पडते, हे मला चाळिशीला आलो तरी कळलं नव्हतं.

त्यातून आमचे शेजारी पंजाबराव तिथे बसले होते. आमची त्यांची भिंत एक. तीस वर्षं पोलीस ठाण्यात हेड मोहरीर म्हणून फिर्यादी आणि जबान्या लिहून ते निवृत्त झाले होते, आणि आता जे काही घडेल त्याचा पंचनामा तोंडी करीत असत. ते म्हणाले, "काळमेघ, तुमी कितीबी घासा, लाकडाची बंदूक लाकडाचीच दिसन."

"पाहणाऱ्याला खरी वाटली नाही तर मिशी काढीन!"

हे वाक्य मी म्हणालो. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं, खाली अध्यक्षांनी सही केली आणि पंजाबरावांनी अनुमोदन दिलं.

घरी सांगितलं तेव्हा माझी बायको कौशल्या ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "बाप्पा! मिशी कायले लावली? दुसरं काई नोतं काय तुमच्यापाशी?" मी विचार केला. खरंच दुसरं काही नव्हतं.

पेठेत बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या गोदाबाई म्हणाल्या, "खरीच आना ना एक कुठून तं. बाकीच्या अकराईले फडकं गुंडाया." एकानं सांगितलं, पातूरच्या लेण्यांमध्ये बंदुका कोरलेल्या आहेत, तिथून नकाशा घ्या. लेणी बंदुका नव्हत्या त्या काळातली आहेत असं मी म्हणालो, तर तो म्हणाला, "तुमी पायल्या हायेत काय?" मी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे वाद तिथेच थांबला.

शेवटी वाचनालयातल्याच एका पुस्तकात चित्र सापडलं. एक गोरा सोजीर बंदुकीला टेकून उभा होता. चित्राखाली माप नव्हतं. मी सोजिराची उंची पाच फूट आठ इंच धरली आणि त्यावरून हिशेबानं बंदूक चार फूट सात इंच काढली. पंजाबराव भिंतीवरून म्हणाले, "त्या गोऱ्याची उंची कोनं मोजली?" या प्रश्नावर मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही.

मग मी हवालदारांकडे गेलो. श्रावण खंडारे हे आमच्या कचेरीचे चौकीदार. गेल्या महायुद्धात ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले, फौजेतून हवालदार म्हणून सुटलेले. कचेरीच्या फाटकात ते असे उभे राहत की नवीन माणूस त्यांनाच साहेब समजून अर्ज द्यायचा. त्यांनी माझं चित्र पाहिलं, हातभर दूर धरलं, जवळ धरलं.

"सायेब, लांबी बरोबर वाटते. पन बंदूक डोयानं नाई वयखू येत, खांद्यानं वयखू येते. नऊ पौंड वजन पायजे. हलकी असली तं मानूस छत्री धरल्यावानी चालते."

मी ते लिहून घेतलं. आमच्या बाराजणांना कवायत शिकवायचंही त्यांनी कबूल केलं. बारापैकी आठ कारकून, दोन मास्तर, एक पोस्टातला सॉर्टर आणि बारावा मी. सॉर्टर बंदुकीपेक्षा चार इंचच उंच होता. रोज सकाळी मैदानावर हातात झाडू, काठ्या आणि एक मच्छरदाणीचा दांडा घेऊन आम्ही उभे राहायचो आणि हवालदार आमच्या पोटांकडे पाहून पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी "सावधान" म्हटलं तेव्हा मला, आयुष्यात पहिल्यांदा, मी उभा आहे असं वाटलं.

पुढच्या सभेत मी सांगितलं की शिपाई आहेत तर पुढे हवालदार पाहिजे, आणि आपल्याकडे खरा हवालदार आहे. सेक्रेटरींनी इतिवृत्ताची वही मिटली. अध्यक्ष म्हणाले, "शिकवू द्या ना त्याहिले. मिरवणुकीत आपले बारा पुरेत." कारण कोणी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. हवालदार मागच्याच दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते, आणि त्याआधी ते कोण होते हे पेठेला तोंडपाठ होतं. मला राग आला. मी पुन्हा इतिहास काढला, इंग्रजी पुस्तकाचं पान दाखवलं, घसा बसेपर्यंत बोललो. अखेर अध्यक्षांनी तडजोड काढली. बंदुका खऱ्यासारख्या आल्या तर हवालदारांसकट तुकडी निघेल, नाही आल्या तर लेझीम. लेझमीला हवालदार लागत नाही.

हे मी फाटकात हवालदारांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "दहा वर्षं झाले घरी येऊन. आपल्या गावात कधी चाललो नाई, सायेब." दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरावरून जाताना पाहिलं, तर जाईबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, ट्रंकेतला फौजी कोट काढून उन्हात टाकला होता. छातीवरची पदकं चिंचेनं घासून वेगळी वाळत ठेवली होती. म्हणजे आता माझ्या मिशीबरोबर तो कोटही बंदुकांवर अवलंबून राहिला.

नळी म्हणून पाण्याचे पाइप लागणार होते. आमच्या कचेरीच्या स्टोअरकीपरनं फॉर्म पुढे केला. राज्य बदलून नऊ महिने झाले होते, पण फॉर्म जुन्या राज्याचे आणि हिंदीत होते. "काम का नाम" या रकान्यात मी "बंदुका" लिहिलं. स्टोअरकीपर म्हणाला, "इमारती झाल्या, रस्ते झाले. बंदुका कोन्या सदरात टाकू?" मी म्हटलं, किरकोळ दुरुस्ती. "कायची दुरुस्ती?" मी म्हटलं, इतिहासाची. तो चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिला. फॉर्म परत आला.

तेव्हा कौशल्या म्हणाली, "आमच्या अकोल्याले चाला ना. तिथं सगळं भेटते." तिचं माहेर अकोल्याचं. माझ्या प्रत्येक अडचणीचा शेवट तिच्या माहेरी होतो हे मला खटकायचं, पण मिशीकडे पाहून मी तयार झालो. आमच्या मेहुण्यांची एका जिनिंग फॅक्टरीत ओळख होती. त्यांनी मोडीत निघालेले बारा पाइप काढून दिले. सुरुवात तर चांगली झाली.

घोडे मात्र कुठे मिळेनात. बंदुकीचा घोडा म्हणजे चाप ओढल्यावर आपटतो तो वाकडा लोखंडी तुकडा. शेवटी भंगार बाजारात गुलाम रसूल नावाचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी पोत्यातून चार तुकडे काढून फडक्यावर मांडले.

"असली माल है बाबूजी. नवाब साहब की बंदूक़ों का."

"बाकीचे आठ?"

"नकली बनवा दूँगा. मगर नकली का दाम ज़्यादा पड़ेगा."

"नकली का दाम ज़्यादा क्यों?"

"असली तो पड़ा हुआ था, बाबूजी. नकली बनाना पड़ता है."

मी आठ नकली घोडेही सांगून ठेवले. ट्रेसर म्हणून मला ते पटलंही. चार अस्सल घोडे मी रुमालात बांधून सासुरवाडीत आणले आणि सर्वांसमोर सोडले. कौशल्यानं एक उचलून उलटापालटा केला. "अहो, हे तं शिवायच्या मशीनची कडी हाय. दाब उचलायची. आमच्या मायच्या मशीनले अशीच हाय." सासूबाईंनी आतून मशीन आणून दाखवलं. कडी तंतोतंत जुळली. मेहुणे हसले नाहीत, त्यांनी फक्त पाणी प्यायला बाहेर जायचं ठरवलं. मी मात्र ते घोडे परत केले नाहीत, कारण वाकडेपणा चित्रातल्यासारखाच होता.

लाकडासाठी कौशल्यानं किसनराव मिस्त्रींचं नाव सुचवलं. जुन्या शहरात त्यांचं दुकान. पोळा महिन्याभरावर आला होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. त्यासाठी चाकं लावलेले लाकडी बैल करण्यात किसनरावांचा हात धरणारा वऱ्हाडात कोणी नव्हता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडे तिकडे बैल. मी माझी निळी छापील ड्रॉइंग त्यांच्यापुढे पसरली. समोरून, बाजूनं, वरून, आणि मधोमध कापून.

"जवाईबापू, हे काय हाय?"

"बंदुकीचा छेद."

"बंदुकीले कापून कायले पायता? चांगली तं हाय." त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि त्यावर रंगाचा डबा ठेवला. "करतो. पन आदी बैल, मंग बंदुका. बैल मागं ठेवत नाई मी."

मी गावचा जावई असल्यामुळे त्यांना मला चहा पाजणं भाग होतं, पण माझं ऐकणं भाग नव्हतं. पुढचे तीन रविवार मी अमरावतीहून अकोल्याला जात होतो आणि बैलांच्या रांगेत बसून माझी पाळी यायची वाट पाहत होतो. एकदा एक गिऱ्हाईक बैल घाईनं न्यायला आलं. किसनरावांनी दिला नाही. "डोये काढ्याचे हायेत अजून. डोये काढल्याबिगर माल दुकानाबाहेर जात नाई माया. आंधया माल कोनाले देऊ नाई." मला तो नियम फार आवडला. धंद्यातलं इमान म्हणून मी तो कचेरीत चार जणांना सांगितलासुद्धा.

आणि काम काय केलं त्यांनी! सागाचा दस्ता, त्यात बसवलेला पाइप, पितळी पट्ट्या, छत्रीच्या काडीचा गज. चौथ्या रविवारी मी एक बंदूक खांद्याला लावली आणि मला भरून आलं. हवालदारांनी सांगितलेलं वजन अर्ध्या पावशेराच्या आत जुळत होतं. मी किसनरावांचे हात हातात घेतले. ते म्हणाले, "थांबा, थोडकं काम राह्यलं हाय. बांधून ठेवतो मी. मंगळवारी सकाळी या."

तेरा ऑगस्टला मी रजा टाकून गेलो, तर बारा बंदुका गोणपाटात शिवून तयार होत्या. मिस्त्री मला स्टेशनावर सोडायला आले. त्यांचे बैलही दरवर्षी रेल्वेनंच गावोगाव जात, त्यामुळे पार्सलचा रस्ता त्यांना माहीत होता.

पार्सल बाबूनं मान वर न करता विचारलं, "माल काय?"

"लाकडी खेळणे लिवा," किसनराव म्हणाले. "आमी तेच लिवतो."

खेळणी! पाच आठवडे मी ज्यासाठी झिजलो, ज्याच्यावर माझी मिशी लागली होती, त्याला माझ्याच तोंडानं खेळणी म्हणू? पंजाबरावांना उद्या ती पावती दिसली असती तर?

"बंदुका," मी ठणकावून म्हणालो. "सत्तावन सालच्या. नग बारा."

बाबूनं लिहिलं, वजन केलं, शिक्का मारला, पावती फाडली. किसनराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवाईबापू, खेळणे म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं?" मी त्यांना समजावलं की काही गोष्टी तत्त्वाच्या असतात. गाडी सुटल्यावर म्हणे बाबूनं आपण काय लिहिलंय ते वाचलं, आणि मग जी तार करायची ती केली.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी दुपारी अमरावतीला उतरलो. हवालदार हातगाडी घेऊन आले होते. पार्सल ऑफिसात आमच्या गोणपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक कॉन्स्टेबल उभा होता. मला वाटलं मिरवणुकीसाठी बंदोबस्त दिलाय. एकानं विचारलं, "बंदुकावाले तुमीच काय?" मी अभिमानानं हो म्हणालो. मग गोणपाट, हातगाडी, मी आणि हवालदार अशी आमची मिरवणूक दोन दिवस आधीच निघाली, आणि भर बाजारातून ठाण्यात पोचली.

सब-इन्स्पेक्टर तरुण होते. राज्य एक झाल्यावर पुण्याकडून बदलून आलेले. त्यांनी गोणपाट उसवायला लावलं, एक बंदूक उचलली, हातात तोलली, खांद्याला लावली.

"हत्यार तर खरं दिसतंय," ते म्हणाले.

त्या क्षणी मी तुरुंगात जायलासुद्धा तयार होतो. मी म्हणालो, "साहेब, एवढं लिहून द्याल का?"

"काय?"

"खरं दिसतंय म्हणून. तारखेसकट."

त्यांनी टेबलावरचा टाक माझ्यापासून दूर सरकवला. नंतर बंदूक उलटी केली आणि दस्त्याच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. "हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. तिथे दोन डोळे होते. पांढऱ्या रंगात काळी बुबुळं, कडेनं काजळाची रेघ, वर दोन बारीक भुवया. दुसरी बंदूक पाहिली, तिला दोन. बाराच्या बारा बंदुका आमच्याकडे मायेनं बघत होत्या. थोडकं राहिलेलं काम ते हेच होतं. आंधळा माल किसनराव दुकानाबाहेर काढत नसत, हा नियम मी स्वतः चार जणांना कौतुकानं सांगितला होता. मागे उभे असलेले हवालदार खोकले.

"तुमची ओळख देणारा कोणी प्रतिष्ठित माणूस?" साहेबांनी विचारलं. कॉन्स्टेबलनं परस्पर उत्तर दिलं, "पंजाबराव मोहरीर याहिच्या बाजूलेच राह्यते." अर्ध्या तासात पंजाबराव आले. स्वतःचा टाक आणि स्वतःची दौत घेऊन आले. आपल्या जुन्या खुर्चीवर बसलेल्या कारकुनाला त्यांनी नुसत्या नजरेनं उठवलं.

साहेबांनी मामला स्वच्छ सांगितला. बंदुका खऱ्या असतील तर परवाना दाखवा. खोट्या असतील तर तसं लेखी द्या आणि आत्ता घेऊन जा. दोन्ही नसेल तर मुद्देमाल जमा होईल, सोमवारी कोर्टात बघू. खोट्या बंदुकांचा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता. जुन्या राज्याचा सापडेना, नव्याचा आला नव्हता.

"फॉर्म कायले लागते?" पंजाबराव म्हणाले आणि लिहू लागले. तीस वर्षांचा हात, एकदाही थांबला नाही. मग वाचून दाखवलं. "लिहून देणार शालिकराम काळमेघ, धंदा नोकरी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर बारा नग लाकडी असून प्रत्येकास दोन डोळे आहेत, आणि कोणाही शहाण्या माणसास ते प्रथमदर्शनीच खोटे दिसतात."

"प्रथमदर्शनीच काढा," मी म्हणालो.

"मुद्द्याचं तं तेच हाय."

"पंजाबराव, साहेबांनी आत्ता खरी म्हटली! तुमच्या या ठाण्यात म्हटली!"

"लेखी हाय काय?"

लेखी नव्हतं. सही केली तर पैज माझ्याच हातानं हरलो, आणि नाही केली तर मी जिंकलो. बंदुका इतक्या खऱ्या की सरकारनं जप्त केल्या, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? मिशी तर राहीलच, वर पेठेत मान वाढेल. मी टाक खाली ठेवला. खोटं कशाला सांगू, पाच-दहा मिनिटं मी तो तसाच ठेवला होता.

हवालदार दाराशी सावधानमध्ये उभे होते. ठाण्यात आल्यापासून त्यांना कोणी "विश्राम" म्हटलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "राहू द्या, सायेब. मिशी नका घालवू. मी जाईले सांगतो, कोट ठेवून दे म्हनून. पुढच्या टायमाले चालू."

"पुढची शंभरी शंभर वर्षांनी आहे, हवालदार," मी म्हणालो. टाक उचलून मी सही केली. प्रथमदर्शनीसकट. साहेबांनी शिक्का मारला. पंजाबरावांनी साक्षीदार म्हणून सही ठोकली, शाई टिपली आणि म्हणाले, "नकल भेटन काय एक? वाचनालयाच्या फायलीले लागन."

पोलिसांनीच बंदुका अडवल्या म्हटल्यावर अध्यक्षांना लेझमीचं नाव काढता येईना. पण पैज मी लेखी हरलो होतो, म्हणून चौदा तारखेला सकाळी चौकातल्या न्हाव्याकडे माझी मिशी गेली. पंजाबराव छत्री घेऊन समोर बसले होते. न्हाव्यानं दोनदा विचारलं, "नक्की काय?" आरशातला माणूस मी ओळखला नाही. वरचा ओठ इतका मोठा असेल अशी मला कल्पना नव्हती. घरी गेलो तर धाकटी रडायला लागली, थोरलीनं दाराला कडी घातली, आणि कौशल्या आतून म्हणाली, "ते घरी नाईत. संध्याकाळी या."

ओळख पटल्यावर ती बराच वेळ पदर तोंडाला लावून बसली. मग जवळ येऊन म्हणाली, "बरं केलं तुमी. हवालदारांचं बरं केलं." एवढं बोलून पुन्हा हसू फुटलं तेव्हा उठून आत गेली.

पंधरा ऑगस्टला सकाळी सहाला भिंतीवरून हाक आली. पंजाबराव हातात कागदाची पुडी घेऊन उभे होते. पुडीत नाटकमंडळाच्या पेटीतली एक मिशी होती. झुपकेदार, दोन्ही टोकं वळलेली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सत्तावनचा शिपाई अन् बिनमिशीचा?" ते म्हणाले. "इतिहासाशी खेळू नका, काळमेघ." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी गोंद लावून ती माझ्या ओठावर बसवली. पहिल्यांदा तिरपी बसली, म्हणून काढून पुन्हा लावली.

मैदानावर आम्ही बाराजण रांगेत उभे होतो, मी तिसरा. हवालदार आले. कोटाची घडी मोडली नव्हती, पदकं चमकत होती. त्यांनी पहिला हुकूम दिला, "डोयेवाली बाजू आपल्याकडं!" चोवीस डोळे आमच्या खांद्यांकडे वळले. मग ते एकेकापुढून तपासत निघाले. माझ्यापुढे थांबले. अंगठ्यानं माझ्या मिशीचं उजवं टोक जरा वर केलं, एक पाऊल मागे जाऊन पाहिलं, आणि मला कडक सलाम ठोकला. हवालदारानं शिपायाला सलाम करायचा नसतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

तुकडी निघाली. नऊ पौंडांनी खांदा दुखत होता आणि त्यामुळेच कोणीही छत्री धरल्यासारखं चालत नव्हतं, सॉर्टरसुद्धा नाही. हवालदार चार पावलं पुढे, एकटे. अध्यक्ष फेटा बांधून बाजूनं चालत होते आणि लोक टाळ्या वाजवायला लागल्यावर तुकडी आपलीच असल्याचं सांगत होते. जवाहर गेटापाशी बंदोबस्ताला तेच सब-इन्स्पेक्टर होते. हवालदारांची पदकं पाहून ते ताठ झाले आणि त्यांनी हात कपाळाला नेला. गर्दीत जाईबाई उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, दोन्ही हात तोंडावर धरून पाहत होत्या. मला बरं वाटलं. मिशीपेक्षा जास्त बरं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवतो.

गेटातून वळताना कडेच्या ओट्यावरून दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"बंदुका लाकडाच्या हायेत बे," एक म्हणाला. "पायल्याबरोबर दिसून राह्यलं."

"बंदुकाचं जाऊ दे," दुसरा म्हणाला. "त्या तिसऱ्या शिपायाची मिशी पाय. हे अस्सल!"

पंजाबराव तुकडीच्या बाजूनं छत्री टेकत चालले होते, आणि त्यांनी ते नक्की ऐकलं होतं. मला त्यांचं तोंड बघायची फार इच्छा झाली. पण परेडमध्ये मान वळवायची नसते, आणि गोंदही अजून ओला होता.